चेसी आधी, बॉडी मग

"काका, काचेचंच घ्या," सुयोग म्हणाला. "आत रंगीत दिवे लागतात. हल्ली सगळे तेच नेतात."

"पत्र्याचं दाखव."

"पत्र्याचं आता कोण ठेवतंय? गेमिंगला काच लागते."

"काचेची बॉडी असते काय रं कुठं? पत्र्याचं असंल तर दाखव, नसंल तर दुसरं दुकान सांग."

सुयोग कुरकुरत शिडी लावून माळ्यावर चढला आणि धुळीनं भरलेलं एक काळं कॅबिनेट घेऊन उतरला. कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग आत बसवायची पेटी. हे चारही बाजूंनी पत्र्याचं होतं, एका कोपऱ्याला पोचा आलेला. मी त्यावर बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. आवाज भरीव आला.

"हे घेतो."

"आपण घेतलेलं ग्राफिक्स कार्ड यात बसेल असं मला वाटत नाही. म्हणून तर म्हणत होतो, कॅबिनेट आधी ठरवा."

"चेसी आधी, बॉडी मग," मी म्हणालो. "बसवू."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वस्ताद आज नाहीत. सुयोगचं राजारामपुरीतलं ते कॉम्प्युटरचं दुकानही आता मोठं झालंय. पत्राच हवा म्हणून मी का अडून बसलो होतो, ते त्या दिवशी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

दस्तगीर नदाफ हे माझे वस्ताद. ट्रकवरचा किन्नर, म्हणजे क्लीनर, आपल्या ड्रायव्हरला वस्ताद म्हणतो. त्यांच्या गाडीवर किन्नर म्हणून चढलो तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. कोल्हापूरचा गूळ भरून आंबा घाटानं रत्नागिरीला उतरायचं आणि तिकडून मिळेल तो माल घेऊन वर यायचं, हे आमचं काम. गाडी मागं घ्यायची असली की मी उतरून मागं जायचो आणि हौद्याच्या पत्र्यावर थाप मारायचो. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. इंजिनाच्या आवाजात ओरडून काही उपयोग नसतो. पत्र्यावरची थाप मात्र ड्रायव्हरच्या पाठीत जाऊन वाजते. पुढं मीही ड्रायव्हर झालो, दोघं एकाच गाडीवर आळीपाळीनं बसू लागलो, तरी मागं घ्यायची वेळ आली की चाकावर वस्ताद आणि खाली मी. वस्तादांनी खाली उतरून थाप मारली असं कधी झालं नाही.

मला वाचता येत नव्हतं. पन्नाशीला आलो तेव्हा लायसनच्या कामात त्यावरून अडलो. वस्ताद सातवीपर्यंत शिकलेले. म्हणाले, "दौल्या, गाडीच्या कपाळावर रोज फडकं फिरवतोस. तिथं काय लिहिलंय ते तरी वाच की लेका." आमच्या गाडीच्या कपाळावर 'चांदणी' असं लिहिलेलं होतं. मी शिकलेलं पहिलं अक्षर च. णी हातात यायला फार दिवस गेले. इंग्रजी अक्षरं आणि आकडे मी पुढच्या गाड्यांच्या नंबरपाट्यांवर शिकलो. गाडी चालवता चालवता वस्ताद विचारायचे, "पुढच्याचा नंबर सांग." चुकलो की पुढच्या धाब्यावरचा चहा माझ्याकडं. महिनाभर ते माझ्याच चहावर होते.

अशा माणसाला झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. पाय काठीच्या आधारानं थोडा उचलू लागला, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज निघायचा, आणि हात तर मेल्यासारखा मांडीवर पडून असायचा. व्यायाम करून घ्यायला एक मॅडम येत. त्या म्हणायच्या, "हातात जीव आहे. आजोबाच हलवत नाहीत. असंच राहिलं तर हात आखडून जाईल, मग मलाही काही करता यायचं नाही." त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. वस्तादांनी तो डाव्या हातानं खिडकीतून बाहेर फेकला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मी गटारीतून तो शोधून, धुऊन आणला. परत फेकला. शेवटी मॅडमनी सांगितलं, "ते साथच देत नसतील तर या महिन्यानंतर मी येणार नाही. दुसरे पेशंट थांबलेत."

हे त्यांनी सांगितलं ते रेश्माला. रेश्मा ही वस्तादांची लेक. शाळेत शिक्षिका होती आणि वडिलांचं सगळं तीच करायची. त्याच आठवड्यात तिचा लॅपटॉप बिघडला, म्हणून तो घेऊन मी सुयोगच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. सुयोग एका मोठ्या पडद्यासमोर बसून ट्रक चालवत होता. खेळातला ट्रक, पण आरसे, वायपर, काट्यांची तबकडी, सगळं होतं. समोर डोंगरातला उतार. त्यानं गाडी जोरात सोडलेली आणि पुढं वळण आलं.

माझा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबला गेला.

मी खाली बघितलं. गुडघा ताठ, चप्पल फरशीला टेकलेली. मी दाबला नव्हता. माझ्या मनात काही यायच्या आधी पायानंच दाबला होता.

"सुयोगराव," मी म्हणालो, "हे मला पाहिजे."

"लॅपटॉप ना? उद्या देतो."

"लॅपटॉप ऱ्हाऊ दे. हे गाडी चालवायचं यंत्र."

"नातवासाठी?"

"माझ्या वस्तादांसाठी. ऐंशी पार केलीय त्यांनी."

सुयोगनं गेम थांबवला आणि माझ्याकडं नीट बघितलं. मग त्यानं तयार कॉम्प्युटर दाखवले. मी म्हणालो, उघडून आत काय आहे ते दाखव. तो म्हणाला, सील आहे, उघडलं तर वॉरंटी जाते.

"मग नको. आमच्यात तयार बॉडीची गाडी कुणी घेत नाही. नुसती चेसी घ्यायची, लाकडाच्या फळीवर बसून चालवत आणायची, आणि समोर उभं ऱ्हाऊन वर बॉडी बांधून घ्यायची. काय कुठं बसलंय ते मालकाला माहीत पाहिजे. बिघडली तर रस्त्यात कोण येतंय?"

"घरात बिघडणार, रस्त्यात कशाला?"

"तू दाखव तर खरं."

त्यानं एकेक डबा काउंटरवर मांडायला सुरुवात केली. "हा मदरबोर्ड. बाकी सगळं याच्यावर बसतं."

"चेसी."

"हा प्रोसेसर."

"इंजिन. यापेक्षा मोठं हाय काय?"

"आहे, पण दुसऱ्या कंपनीचं. ते या बोर्डवर बसत नाही. खाच वेगळी."

"मग पॅकिंग देऊन बसवू."

सुयोगनं दोन्ही हात त्या डब्यावर ठेवले, जणू मी आताच पाना घेऊन येणार होतो. "काका, इथं पॅकिंग नसतं!"

"एका कंपनीचं इंजिन दुसरीच्या चेसीवर बसवलेलं मी बघितलंय. दोन पट्ट्या वेल्ड केल्या, खाली रबर दिलं. मद्रासला जाऊन आली गाडी."

"इथं जोर लावला की पिना वाकतात. पिना वाकल्या की बोर्ड गेला. जुळणारं असेल तर अलगद बसतं, नसेल तर बसतच नाही. मधलं काही नाही."

मला हे पटायला वेळ लागला. आमच्या सगळ्या जन्मात काहीच अलगद बसलेलं नव्हतं. पण वस्तादांच्या गाडीत चूक चालणार नव्हती, म्हणून मी चष्मा चढवला आणि डब्यांवरची अक्षरं वाचायला लागलो. बोर्डवर कुठला प्रोसेसर चालतो ते बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. नंबरपाटी वाचावी तसं मी एक अक्षर इकडचं, एक तिकडचं, असं बोट ठेवून वाचत गेलो. सुयोग म्हणाला, जुळतंय हो, मी रोज विकतो. मी म्हणालो, तू विकतोस, पहिल्यांदा घेतोय मी. आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. त्यानं चहा मागवला.

रॅमची पट्टी मला सगळ्यात आवडली. तिला एका जागी खाच असते आणि बोर्डावर त्याच जागी उंचवटा. उलटी धरली की बसायचंच नाव घेत नाही.

"आणि हे ग्राफिक्स कार्ड," सुयोग म्हणाला. "रस्ता, झाडं, डोंगर, सगळं चित्र हे काढतं."

"म्हणजे हेडलाइट. साधं न्हाई काय?"

"आहे. पण गाडी वळवली की रस्ता अडखळत येईल."

"मग नको. वस्तादांना अडखळणारी गाडी मी देणार न्हाई."

म्हणून मोठं कार्ड घेतलं, तीन पंख्यांचं, हातभर लांब वाटणारं. एवढं कार्ड म्हणजे वीज जास्त, म्हणून वीज वाटणारा डबाही मोठा. ते मला लगेच समजलं. चढाला डिझेल जास्त लागणारच. शिवाय टेबलाला आवळायचं स्टिअरिंग आणि पायाशी ठेवायची पेडलं. वस्तादांचा उजवा पाय भरवशाचा नव्हता, म्हणून अ‍ॅक्सिलेटर डाव्या पायाला देता येईल का विचारलं. सुयोग म्हणाला, त्यात काय, सेटिंगमध्ये बदलतो. आणि मग शेवटी ते पत्र्याचं कॅबिनेट.

डबे घेऊन मी रेश्माकडं गेलो. तिनं दारातच विचारलं, "चाचा, हे काय?"

मी सांगितलं. ती खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"खेळणं आणलंत अब्बांसाठी."

"खेळणं न्हवं. गाडी."

"तेलवाला झाला. मालिशवाला झाला. तो पट्टीवाला झाला. दर वेळी त्यांना उठवून बसवायचं, आशा लावायची, आणि मग दोन-दोन दिवस ते जेवत नाहीत. तुम्ही संध्याकाळी येता आणि जाता, चाचा. ताट मी परत नेते."

आतल्या खोलीत वस्ताद भिंतीकडं तोंड करून पडले होते. जागे होते, मानेवरून कळत होतं.

"एकदाच," रेश्मा म्हणाली. "मॅडमचा शेवटचा दिवस रविवारी आहे. त्याच्या आत आणा. त्यांनी तोंड फिरवलं की त्याच पावली परत न्यायचं. कबूल?"

"कबूल."

"आणि माझ्यासमोर रडायचं नाही."

"लहानपणी माझ्या मांडीवर बसून हॉर्न दाबत होतीस. कोल्हापूर ते मलकापूर. कान गेले माझे."

"विषय बदलू नका."

पण हसली. तेवढ्यावर मी डबे उचलून सुयोगकडं निघालो.

जोडणी त्याच्या दुकानात सुरू झाली. प्रोसेसर खरोखर अलगद बसला. रॅम बसली. बोर्ड पितळी खुंट्यांवर बसला. मग कार्ड लावायला घेतलं आणि ते आडलं. चार बोटं कमी. कॅबिनेटच्या पुढच्या भागात डिस्क ठेवायचा पत्र्याचा पिंजरा होता, रिबिट मारून पक्का केलेला, आणि कार्डाचं नाक त्याला जाऊन लागत होतं.

"बघा. म्हणालो होतो," सुयोग म्हणाला. "आत्ता काचेचं देतो. हे मी परत घेतो, तुमचं काही जात नाही."

समोर काचेचं कॅबिनेट होतं, दिवे लागलेलं. हात घातला असता तर तासाभरात काम झालं असतं. रविवार परवावर आला होता.

"बॉडी बदलायची नसते," मी म्हणालो. "बांधायची असते. बोर्ड काढ. मी हे शिरोलीला घेऊन जातो."

"कार्ड मी वर्कशॉपला देणार नाही!"

"मग पुठ्ठ्याचा फर्मा दे."

फर्मा म्हणजे काय ते त्याला सांगावं लागलं. कार्डाच्या मापाचा पुठ्ठा त्यानं कापून दिला आणि मी निघताना मागून ओरडला, "लोखंडाचा एक कीस जरी आत राहिला ना काका, सगळं जळेल!"

शिरोलीत यल्लाप्पा मिस्त्रीचा ट्रकच्या बॉडी बांधायचा कारखाना होता. आमच्या चांदणीची बॉडी त्यानंच बांधलेली. काखोटीला कॅबिनेट मारून मी आत शिरलो तसा तो म्हणाला, "दौलत, ट्रक आटला काय रं पावसात?"

"हसू नको. हितं कापायचंय. फर्म्याला लागता कामा नये."

"कशाचं हाय?"

"वस्तादांची गाडी हाय."

यल्लाप्पानं हसणं थांबवलं. गाडीचा मापटेप खिशात टाकून तो बारका टेप घेऊन आला. पिंजऱ्याच्या रिबिटी उडवल्या, पत्रा कापला, कडा घासून दुमडल्या. मग विचारलं, "हे हवा कुठनं घेतं?"

"पुढनं."

"आणि पुढं तर सगळं बंद! इंजिन उकळंल की." त्यानं पुढचा पत्रा चौकोनी कापून जाळी बसवली, थेट रेडिएटरच्या जाळीसारखी. कोपऱ्यातला पोचा आतून ठोकून काढला. एवढं लांब कार्ड लोंबकळून वाकेल म्हणून खाली द्यायला त्यानं रबराचा एक तुकडा शोधून दिला. मी तो खिशात घातला. शेवटी कंप्रेसरच्या हवेनं कानाकोपरा फुंकून काढला, दोनदा फडक्यानं पुसला, पुन्हा फुंकला. सुयोगचा आवाज माझ्या कानात होता.

पेंटर गावाला गेलेला. रंगाचा डबा आणि ब्रश तिथंच पडला होता. मी तो उचलला आणि कॅबिनेटच्या कपाळावर पिवळ्या रंगानं लिहिलं. च बरा आला. अनुस्वार द वर गेला होता, तो पुसून दोनदा काढला. णीची वेलांटी जरा खाली आली. यल्लाप्पा मान वाकडी करून बघत होता.

"पेंटर असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

"असू दे."

मग त्यानं तयार बॉडीवर मारायचा तसा पंजा उघडला आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. "चल, निघ."

शनिवारी पुन्हा जोडणी झाली. कार्ड बसलं. खाली रबर सरकवताना सुयोग म्हणाला, "हे काय?"

"पॅकिंग."

त्यानं रबर काढलं नाही. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. परत दाबलं. तेच. सुयोग मागच्या बाजूला वाकला आणि म्हणाला, "पडद्याची वायर कुणी लावली?"

"मी."

"ती कार्डला लावायची असते. तुम्ही बोर्डला लावलीय. हेडलाइटची वायर इंजिनात खुपसलीत, वस्ताद!"

वायर बदलली. पडदा उजळला. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वस्ताद म्हटलं होतं, ते चेष्टेत म्हटलेलं असलं तरी.

रविवारी सकाळी आम्ही चांदणी वस्तादांच्या खोलीत आणली. रेश्मानं त्यांना उठवून खुर्चीत बसवलं. समोर टेबल, टेबलाला आवळलेलं चाक, त्यामागं पडदा. वीज घ्यायची जागा उजवीकडं होती म्हणून कॅबिनेट त्यांच्या उजव्या हाताशी स्टुलावर ठेवलं. सुयोग सगळं लावून, चालू करून, दुकान उघडायला निघून गेला. मॅडम दुपारी यायच्या होत्या.

वस्तादांनी आधी बघितलं ते कपाळावरचं नाव. बराच वेळ बघत होते. वाचता येतंय की नाही ते कळत नव्हतं. मग णीपाशी त्यांची नजर थांबली आणि ओठाचा चांगला कोपरा जरासा हलला.

"वेलांटी चुकलीय, मला माहीत हाय," मी म्हणालो.

त्यांनी चाकाकडं बघितलं. डावा हात उचलून चाकावर ठेवला. मी रेश्माकडं बघितलं, ती माझ्याकडं बघत नव्हती. चाकावरचा हात थोडा फिरला. मग थांबला. वस्तादांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडं एकदा बघितलं, डावा हात मागं घेतला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"वस्ताद, एका हातानं बी चालतंय. पॉवर स्टिअरिंग हाय."

मान हलली नाही.

"झालं, चाचा," रेश्मा हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. ती प्लगकडं गेली.

"थांब. बांधून आणलीय तर एक फेरी मारू दे मला. मग नेतो."

"चाचा..."

"एक फेरी."

मी टेबल माझ्याकडं ओढलं आणि वस्तादांच्या डाव्या बाजूला बसलो. इंजिन चालू केलं. सुयोगनं आवाज मोठा ठेवलेला. खिडकीची काच थरथरली. गाडी निघाली आणि मी पहिल्याच चौकात फुटपाथवर चढलो. अ‍ॅक्सिलेटर डाव्या पायाला होता. वस्तादांच्या पायाला जुळवलेली गाडी माझ्या पायाला जुळत नव्हती. क्लच समजून डावा पाय दाबायला जावं आणि गाडीनं उसळी मारावी. एक खांब पाडला. एका गाडीला घासून गेलो.

"तुम्ही खरंच ड्रायव्हर होता ना?" प्लगवर हात ठेवून उभी असलेली रेश्मा म्हणाली.

"पेडलं उलटी हायत गं."

उजवीकडून घोगरा आवाज आला. वस्ताद अजून भिंतीकडंच बघत होते, पण तो आवाज मी ओळखत होतो. मी गिअर खरडवला की घाटात तो यायचा, त्यापुढं एक शिवी असायची. मी मुद्दाम काही केलं नाही. मला तशीच येत होती.

कसाबसा गोदामापर्यंत पोचलो. माल उतरवायचा तर गाडी मागं घेऊन फाटकातून आत लावायची होती. मागचा गिअर टाकला आणि माझ्या लक्षात आलं की हे काम मी कधी चाकावर बसून केलेलंच नाही. गाडी मागं जायची तेव्हा मी गाडीच्या मागं असायचो. आरसा बोटाएवढा. त्यात फाटक दिसेना, नुसती एक भिंत दिसत होती आणि ती मोठी होत होती. मी ब्रेकवर पाय न्यायला गेलो आणि सवयीनं डावाही दाबला. गाडी मागं उसळली.

थाप.

एकच. खणखणीत, पत्र्यावर.

माझा पाय ब्रेकवर आपटला. गाडी भिंतीच्या अगदी अलीकडं डुलून उभी राहिली.

मला वाटलं आवाज खेळातलाच. मग रेश्मा म्हणाली, "अब्बा."

मी वळून बघितलं. वस्तादांचं तोंड आता पडद्याकडं होतं. डावा हात मांडीवर होता. उजवा चांदणीच्या पत्र्यावर पडलेला, बोटं अर्धी मिटलेली. ते स्वतःच त्या हाताकडं बघत होते, कुणा परक्याची वस्तू आपल्या गाडीवर कुणी ठेवली म्हणून बघावं तसे. मग हात पत्र्यावरून घसरला आणि मांडीवर आला.

रेश्मा पुढं सरकली, तिला मी हातानं थांबवलं आणि परत पडद्याकडं तोंड केलं. एक थाप पडली की ड्रायव्हरनं हलायचं नसतं. खालच्या माणसाची पुढची खूण येईपर्यंत बसून राहायचं असतं. मी दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिलो.

इंजिन धडधडत होतं. उजवीकडं खुर्ची करकरली. वस्तादांचा श्वास मोठा झाला, चढावर गाडीचा होतो तसा. बराच वेळ काही झालं नाही. मग पत्र्यावर काहीतरी पडलं. थाप म्हणावी असं नव्हतं, हात नुसता टेकला होता.

"एकच झाली, वस्ताद," मी पडद्याकडं बघत म्हणालो. "एक म्हणजे थांब. थांबलोय की मी."

घोगरा आवाज आला. या वेळी त्यात शिवी जवळजवळ पुरी होती. रेश्मा रडत होती; माझ्यासमोर रडायचं नाही, असं तिनं मलाच बजावलं होतं.

हात परत उचलला जाताना मी बघितलं नाही. पत्र्यावर एक थाप पडली, आणि तिच्यामागं, खूप मागं, दुसरी.

मी गिअर बदलला आणि गाडी पुढं घेतली.